मुकादमबाईचा तलाव

श्रीमंताच्या घरामागे पोहायचा तलाव असला की लोक म्हणतात, हौस दांडगी. फरशीवाल्याच्या घरामागे असला की म्हणतात, माज आलाय. मुकादमबाईने दोन्ही ऐकलं होतं, पहिलं इतरांबद्दल आणि दुसरं स्वतःबद्दल. ज्याने ज्याने माज हा शब्द काढला, त्याला तिने तोंडावर विचारलं होतं, "हो, आलाय. तुम्हाला कधी येणार?"

मुकादमबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती चादरी पिळायला लागली तेव्हा तिला मान वर करून बोलायचीही चोरी होती. निवृत्त होऊन बाहेर पडली तेव्हा त्याच धुलाईखान्याची ती मुकादम होती. डॉक्टरांच्या कोटांवरचं रक्त, खाटांवरच्या चादरींवरचं नको ते, सगळं तिच्या हाताखालून पांढरं होऊन गेलं. तिच्या जिभेला लोक वचकून असत आणि नाकाला मानत. ब्लीचच्या हौदावर नुसती वाकायची, एकदा हुंगायची आणि सांगायची, "अजून अर्धा मग." मापबीप काही नाही. घरी नवराही तिला मुकादम म्हणायचा, आणि भांडण पेटलं की मुकादमसाहेब.

नवरा फरशीवाला. बंगल्यांमागे तलाव बांधले जात, त्यांना आतून टाइल लावायचं काम हटकून त्याच्याकडे यायचं, कारण त्याच्या हातची ओळ पाण्याखालीसुद्धा वाकडी दिसायची नाही. अशाच एका बंगल्यात काम संपलं, पाणी भरलं. काठाची टाइल पाण्याच्या रेषेला नीट बसलीय का हे बघायला तो काठावर टेकला. दिवसभर उन्हात उभा होता, सहज पाय पाण्यात सोडले. मालकाने वरच्या गॅलरीतून पाहिलं. फरशीवाल्याला एका शब्दाने बोलला नाही. माळ्याला हाक मारून सांगितलं, पाणी काढून टाक, नवीन भर. फरशीवाल्याच्या देखत पंप लागला आणि त्याचे पाय लागलेलं पाणी गटारात गेलं.

अपमान पचवायच्या माणसांच्या तऱ्हा वेगवेगळ्या. कुणी बाटली जवळ करतो, कुणी घरी येऊन बायकोवर हात उगारतो. हा घरी आला, आखणीची दोरी घेतली आणि मागचं अंगण मापायला लागला.

"काय करताय?" मुकादमबाईने विचारलं.

"तलाव."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"फिरलंय," तो म्हणाला. "टोक धर दोरीचं."

तिने धरलं. पुढे खूप वर्षं दोघं सुट्टीच्या दिवशी खणत राहिले. कामावर उरलेल्या टाइल तो पिशवीतून आणायचा, त्यामुळे त्या तलावाची एक भिंत आभाळी, दुसरी समुद्री हिरवी, आणि पायऱ्यांवर चक्क कुणाच्या तरी न्हाणीघरातली गुलाबी फुलं. पाडायला काढलेल्या एका बंगल्यातून जुना पंप आला आणि रांजणाएवढा वाळूचा फिल्टर. तलाव मोठा नव्हता. एका टोकाला तिच्या छातीइतका, दुसऱ्या टोकाला डोक्यावरून जाईल एवढा, आणि चांगल्या पोहणाऱ्याने दोन-चार हात मारले की समोरची भिंत. पण ओळी? एक वाकडी असेल तर शपथ.

मग फरशीवाला बांधकामाच्या परांचीवरून पडला. वाचला, चालू लागला, पण पाठ वाकेना. ज्याचं सगळं आयुष्य उकिडवं बसण्यात गेलं त्याला खाली पडलेली चप्पल उचलता येईना. पहिले काही महिने तो मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि तिथून हुकूम सोडायचा, इकडचं घास, तिकडचं राहिलं. एक दिवस त्याने खुर्ची उचलायला लावली आणि पुढच्या दारात नेली. रस्ता बघत बसायला लागला. मागे फिरकेना. तलावाचा विषयही काढेना.

तलाव मुकादमबाईच्या गळ्यात पडला, असं सगळे म्हणाले. तिनेही कुणाला काही वेगळं सांगितलं नाही.

आणि गळ्यात पडलेलं काम तिने कधी अर्धवट केलं नाही. सकाळी चहाच्या आधी जाळी. लांब दांड्याची जाळी घेऊन पाण्यावरची पानं, पाखरं, शेजाऱ्याच्या झाडाचा फुलोरा सगळं उचलायचं, कारण वर तरंगतंय तोवर हातात येतं, तळाला बसलं की सडतं आणि पाण्याला खातं. मग काठातल्या ज्या तोंडातून पंप पाणी ओढतो, तिथली टोपली काढून रिकामी करायची. ती तुंबली की पंप कोरडा ओढतो आणि रडायला लागतो. पाणी त्या तोंडाच्या निम्म्यावर हवं, ना खाली ना वर. मग ब्रश. भिंती वरून खाली घासायच्या, पाण्याच्या रेषेवर तेलकट पट्टा धरतो तो आधी, आणि कोपरे सगळ्यात जोर लावून, कारण फिरणारं पाणी कोपऱ्यात आळशी होतं आणि शेवाळ बरोब्बर तिथे घर करतं. पंप दुपारभर चालवायचा. फिल्टरवरचा दाबाचा काटा चढला की पाणी उलटं सोडून वाळू धुवायची, बाहेर येणारं गढूळ पाणी नितळ होईपर्यंत. क्लोरीन संध्याकाळी, ऊन कलल्यावर; भर उन्हात टाकलं तर ते पाण्याऐवजी सूर्याच्या पोटात जातं. आधी बादलीत पाणी, मग त्यात पावडर, उलटं कधीच नाही. आणि ॲसिडचा कॅन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, क्लोरीनच्या वाऱ्यालाही नाही. हे दोघे एकत्र आले तर काय होतं ते तिने धुलाईखान्यात पाहिलं होतं. एका पोरीला खोकत खोकत वरच्या मजल्यावर न्यावं लागलं होतं.

हे सगळं उरकलं की ती पाण्यात उतरायची. ढगळ पँट, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. पोहायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. काठ धरून पाय मारले, मग एक हात सोडला, मग दोन्ही. नाकातोंडात पाणी गेलं, शिव्या घातल्या, पुन्हा सोडले. आयुष्यभर सिमेंटच्या ओल्या जमिनीवर उभं राहून सुजलेले तिचे पाय पाण्यात कुणाचेच नसल्यासारखे हलके व्हायचे. आणि कान पाण्याखाली गेले की घरातून कितीही हाका येऊ देत, अहो आई, अगं आई, मुकादम, चहा, किल्ली, औषध, ऐकू यायचं नाही. साफ ऐकू यायचं नाही. हा तिचा स्वतःचा असा दिवसातला एकमेव वेळ होता, आणि ही गोष्ट तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती.

पोरगा दुचाक्या दुरुस्त करायचा. हाताला गुण होता, गिऱ्हाईक होतं, पण गॅरेज भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि शेडवाल्याने सांगितलं की जागा सोड, मला बांधायचंय. पोराने गावभर जागा शोधली. मिळेना. मग एका संध्याकाळी जेवताना त्याने मागच्या खिडकीतून बाहेर पाहिलं आणि घास तसाच धरून म्हणाला,

"आई, जागा तर आपल्याकडेच आहे."

"कुठे?"

"ही काय. मागे गल्ली आहे, गाडी आरामात आत येते. तलाव बुजवला की वर पत्रे टाकायचे, झालं."

मुकादमबाईने पाण्याचा पेला खाली ठेवला. "बुजवला की?"

"अगं, कोण वापरतं तो? बाबा तर तिकडे बघतही नाहीत. तुलाच रोज ढोरासारखं राबावं लागतं."

"तुझ्या बाबांनी हाताने बांधलाय तो. मालकाच्या नाकावर टिच्चून बांधलाय. त्यांचे कष्ट आहेत त्यात."

"विचार ना मग बाबांनाच."

सगळे फरशीवाल्याकडे बघायला लागले. त्याने ताटातच डोकं घातलं. "मला काय विचारता," तो म्हणाला. "माझ्याच्याने आता काय होतंय."

"बघ," पोरगा म्हणाला. "आणि तसाही तो एक ना एक दिवस हिरवा पडणारच. उन्हाळा आलाय."

इथे मुकादमबाईचं टाळकं सरकलं. कामाला नाव ठेवलं की तिचं भान सुटायचं, हे सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक होतं, पोराला तर जन्मापासून.

"माझ्या हातात असताना हिरवा?" ती म्हणाली. "या उन्हाळ्यात एकदा जरी हिरवा दिसला ना, तर बुजव. मी हूं की चूं करणार नाही."

"शब्द?"

"मुकादमचा."

सून कापडाच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून थकलेली असायची, घरच्या भांडणात सहसा पडायची नाही. ती एवढंच म्हणाली, "आई, असले शब्द रागात देऊ नयेत हो." पण शब्द निघून गेला होता.

त्या दिवसापासून पोरगा रोज उठला की दात घासत मागच्या दारात यायचा, पाण्याकडे बघायचा, चूळ भरायचा आणि जायचा. मुकादमबाई जाळी मारता मारता म्हणायची, "दिसला का हिरवा? चष्मा आणून देऊ?" पाणी इतकं नितळ की तळाच्या टाइलचे सांधे मोजून घ्यावेत. ती दुप्पट घासत होती. कारकुनासारखा हिशेब नको की डॉक्टरसारखी तपासणी नको, तिचा आपल्या अंगमेहनतीवर आणि नाकावर भरवसा.

आणि खरी खोट तिथेच होती.

पाणी तपासायची एक डबी होती घरात. छोटी नळी, त्यात तलावाचं पाणी भरायचं, एक गोळी टाकायची, पाणी गुलाबी झालं की समजायचं क्लोरीन शिल्लक आहे, जितकं गडद तितकं जास्त. फरशीवाला ती डबी नेमाने वापरायचा. मुकादमबाईच्या राज्यात ती फळीवर धूळ खात पडली. सून एकदा म्हणालीसुद्धा, "आई, ती गोळी टाकून बघत जा की."

"हे काय आहे?" मुकादमबाईने नाकावर बोट ठेवलं. "या नाकाने हॉस्पिटल धुतलंय."

उन्हाळा चढला. पाण्याला वास यायला लागला, झणझणीत, धुलाईखान्याच्या हौदासारखा. पोहताना तिचे डोळे चुरचुरायला लागले. तिने काठावर वाकून हुंगलं आणि निदान केलं: क्लोरीन जास्त झालंय. संध्याकाळची पावडर निम्मी केली. वास वाढला. अजून कमी केली. वास अजून वाढला. "बघ, किती कडक झालंय पाणी," ती सुनेला अभिमानाने म्हणाली, "आता आठवडाभर नाही टाकलं तरी चालेल."

मग एक तापलेला दिवस आला, वारा सुटला, शेजारचं झाड सगळा मोहर ओतून मोकळं झालं. दुसऱ्या सकाळी ती जाळी घेऊन मागे आली आणि दारातच थांबली.

पाणी हिरवं होतं. हिरवट नाही, हिरवं. आभाळी भिंत कुठली आणि समुद्री कुठली ते कळेना. तळ गेला होता.

पोरगा तोंडात ब्रश घेऊन तिच्या मागे येऊन उभा राहिला. तो हसला असता तर तिला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं. तो हसला नाही. चूळ भरून आला आणि हळूच म्हणाला, "आई, एका ठिकाणी पाया खणतायत, माती फुकट देतायत, पण आजच न्यायला सांगतायत. मी ट्रक बोलावतो."

तिने जाळी भिंतीला टेकवली. पिशवी घेतली आणि बस पकडून तलावाची औषधं विकणाऱ्याच्या दुकानात गेली.

औषधवाला बारीक चणीचा माणूस होता आणि त्याला कायम सर्दी असायची. हे तिला आधीपासून खटकायचं, की नाक चोंदलेला माणूस क्लोरीन विकतो. तिने सगळं सांगितलं, धुलाईखान्यातल्या हौदासकट. वास केवढा होता, ते दोनदा सांगितलं.

"ताई, वास यायला लागला तेव्हाच टाकायला हवं होतं," तो रुमालात शिंकरत म्हणाला.

"वास येत होता म्हणून तर कमी केलं!"

"तिथेच चुकलं. ताजं क्लोरीन पाण्यात असलं तर वास जवळजवळ येतच नाही. घामाशी, घाणीशी झटून ते संपत आलं की मग असा वास मारतं. डोळे चुरचुरले असतील?"

"चुरचुरले."

"तेच ते. तुमच्या हौदात पावडर तुम्ही ताजी टाकायचात आणि लगेच हुंगायचात. हे साठलेलं पाणी आहे."

मुकादमबाईला वाटलं, याच्या काउंटरवरचा कॅन उचलून याच्या डोक्यात घालावा. कारण माणूस बरोबर बोलत होता. चोंदलेल्या नाकाने बरोबर बोलत होता. तिने क्लोरीनचा मोठा डबा घेतला आणि तो खांद्यावर टाकून बसमध्ये चढली. कंडक्टर म्हणाला, मावशी, हे काय सामान? ती म्हणाली, "माझी अक्कल आहे, परत आणलीय. तिकीट लागेल का तिचं?"

घरी आली. डबा सावलीत ठेवला, पंप लावला आणि ब्रश घेतला. औषध संध्याकाळी टाकायचं, पण त्याआधी भिंतींना चिकटलेलं शेवाळ सुटं व्हायला हवं, नाहीतर वरचा थर मरतो आणि खालचा हसत राहतो. ती काठाकाठाने घासत निघाली. हिरवे ढग उठायला लागले.

एवढ्यात मागच्या गल्लीत ट्रक गुरगुरला. पोराने कुंपणाचं दार सताड उघडलं आणि हात हलवत उलटा चालत आला, "येऊ दे, येऊ दे, डावीकडे मार, येऊ दे." सून दारात आली. ट्रकची मागची फळी तलावाच्या काठाशी येऊन थांबली.

"आई, जरा बाजूला हो," पोरगा म्हणाला.

हिरव्या पाण्यात माणसाने उतरू नये, हे मुकादमबाईला चांगलं ठाऊक होतं. तिनेच शेजारच्या पोरांना असल्या पाण्यातून हाकललं असतं. तिने चपला काढल्या, ब्रश हातात तसाच ठेवला आणि गुलाबी फुलांच्या पायऱ्या उतरून पाण्यात गेली. छातीपर्यंत. उथळ टोकाच्या मधोमध उभी राहिली आणि तिथली भिंत घासायला लागली.

ट्रकवाला खिडकीतून वाकला. "अहो मावशी! बाहेर या, फळी उघडायचीय."

"उघड की. मी कुठे अडवलंय?"

"तुमच्यावर टाकू?"

"तुझी माती, तुझी मर्जी."

ट्रकवाल्याने इंजिनच बंद केलं. पोराला म्हणाला, "दादा, मी माती टाकतो, माणसं पुरत नाही. तुमच्या घरचं काय ते मिटवा."

पोराचं डोकं तापलं. "आई, शब्द दिला होतास तू! हिरवा झाला तर हूं की चूं करणार नव्हतीस."

"दिला होता."

"मग?"

"मोडते."

"मुकादम शब्द मोडते?"

"हो, मोडते! द्यायलाच नको होता असला शब्द. चुकले मी, नाकाच्या घमेंडीत चुकले, पाणी माझ्या हाताने घालवलं. म्हणून काय झालं? तुझ्याकडे गाडी येते, इंजिन बसलेलं असतं, चुकी चालवणाऱ्याची असते. तू काय करतोस? खड्डा खणून पुरतोस गाडी? दुरुस्तच करतोस ना? मग माझ्याच वस्तूला माती का?"

आवाजाने फरशीवाला भिंत धरत धरत मागे आला. कित्येक महिन्यांनी आला. पाण्याचा रंग बघून त्याचा चेहरा पडला. "मुकादम, बाहेर ये," तो म्हणाला. "लोक बघतायत."

खरंच बघत होते. शेजारच्या गच्चीवर दोन डोकी आली होती.

"बघू देत. तिकीट नाही लावलेलं."

"अगं, कशाला जिवाचा आटापिटा करतेस? माझा तलाव आहे ना? मी सांगतो, सोड."

मुकादमबाईने ब्रश थांबवला. आता हे सांगायलाच हवं होतं, आणि सांगताना तिला पोराशी भांडण्यापेक्षा जास्त जोर लागला. "तुमचे कष्ट, तुमचे कष्ट, असं म्हणत मी आजवर भांडले. खोटं होतं ते. म्हणजे कष्ट खरे, पण मी त्यासाठी नव्हते भांडत. मला हवाय तलाव. मला. मी रोज यात उतरते, पाय हलके होतात, तुमच्यापैकी कुणाची हाक ऐकू येत नाही, आणि मला ते आवडतं. तुमच्या चादरी धुतल्या, हॉस्पिटलच्या धुतल्या, सगळं तुमच्यासाठी केलं आणि करीन. हे मी माझ्यासाठी करते. झालं समाधान?"

फरशीवाला काठाशी आला, खाली वाकायला गेला, वाकता येईना, तसाच ताठ उभा राहिला.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "माझ्या हट्टापायी तुझी रोजची ओढाताण होते. मी बघू शकत नव्हतो म्हणून पुढे जाऊन बसलो. म्हटलं, बुजला तर तू तरी सुटशील."

"विचारलंत कधी?"

"तू सांगितलंस कधी?"

"आता सांगितलं ना!" ती ओरडली, पण ओरडण्यातली धार गेली होती.

फरशीवाला पोराकडे वळला. "ट्रक परत पाठव."

"आणि मी?" पोराचा आवाज फुटला. "तुमचं दोघांचं झालं. मी कुठे जाऊ? शेड सोडायचीय मला. गिऱ्हाइकांना काय सांगू, माझी आई पोहते म्हणून या गाड्या रस्त्यावर ठेवा?"

हे मात्र मुकादमबाईला लागलं. पोरगा काही हौसेने तिच्या पाण्यावर उठला नव्हता. ती हिरव्या पाण्यात उभी राहून विचार करू लागली, आणि धुलाईखान्यात मशीन बंद पडल्यावर करायची तसा मोठ्याने करू लागली. "पुढची खोली घे."

"कुठली पुढची?"

"बैठकीची. रस्त्याला लागून आहे, भिंत फोडून शटर बसव. सोफ्यावर वर्षातून दोनदा कोण तरी येऊन बसतं आणि चहात साखर कमी आहे म्हणतं. त्यांच्यासाठी एवढी खोली अडवून ठेवलीय आपण."

"बैठकीची खोली?" सून म्हणाली. "आई, पाहुणे आले तर?"

"स्वयंपाकघरात बसतील. ज्यांना नाही चालायचं ते येणार नाहीत, म्हणजे दोन्हीकडून फायदाच."

सुनेला हसू आवरेना. तिने तोंडावर हात धरला.

"पण जोतं उंच आहे," पोरगा म्हणाला. तो आता भांडत नव्हता, जागा मापत होता. "तीन पायऱ्या. गाडी वर कशी चढणार?"

फरशीवाल्याने ट्रककडे पाहिलं. मग पोराकडे. "उतार करायचा. भराव टाकून, ठोकून, वर खरबरीत फरशी. घसरणार नाही अशी. माती दारात उभीच आहे."

"बघा बुवा, नक्की काय ते ठरवा," ट्रकवाला म्हणाला. "मला कुठे तरी रिकामी करायचीच आहे."

"पुढून घे," मुकादमबाई म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. ट्रक गेल्यावर ती बाहेर आली, साबणाने खसाखसा आंघोळ केली, आणि ऊन कलल्यावर बादली भरून पावडर कालवली.

पाणी एका दिवसात काही सुधारलं नाही. आधी हिरव्याचं राखाडी झालं, मेलेलं शेवाळ तळाला बसलं, ते नळीने ओढून थेट गटारात काढलं, वाळू पुन्हा पुन्हा धुतली. दरम्यान पुढे भिंत फुटत होती, धूळ घरभर. फरशीवाला खुर्चीत बसून उताराच्या फरश्या लावून घेत होता. हात गवंड्याचे, शिव्या याच्या. तलावाची तळाची ओळ दिसली त्या सकाळी मुकादमबाईने फळीवरची डबी काढली आणि तिच्यातल्या नळीत पाणी भरून गोळी टाकली. पाणी गुलाबी झालं. चांगलं गडद. तिने नळीकडे असं बघितलं, जणू ती कुणाची तरी चोंबडी भावजय आहे, आणि नळी धुऊन ठेवली. आता रोज टाकते. रोज तेवढाच राग येतो.

गॅरेज सुरू झालं. अडचण एकच निघाली. शटर उघडं असलं आणि मधलं दार उघडं असलं की रस्त्यावरून थेट मागचं पाणी दिसायचं. पाना हातात घेऊन पोरगा एका सकाळी मागे आला. मुकादमबाई उताणी तरंगत होती. त्याने काठावर पान्याने ठकठक केलं तेव्हा कुठे तिने डोकं वर काढलं.

"आई, गिऱ्हाइकं बघतात गं. एक जण विचारत होता, ही कोण बाई पोहतेय."

"मग? काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मी म्हणतो, इथे एक पडदा लावू या. तुला बरं, मला बरं."

"मला काय बरं? मला उजेड लागतो."

"अगं, पण लोक..."

"तुझ्या गिऱ्हाइकाला मान आहे ना? ती फिरते ना? फिरत नसेल तर तेल घाल, तेवढं येतं तुला."

"आई!"

पण तिचे कान पाण्याखाली गेले होते. पोरगा पुढे गेला. गिऱ्हाइकाने पुन्हा विचारलं, कोण हो ती मागे?

"मालकीण," पोरगा म्हणाला. "इकडे बघा. ब्रेक दाबून दाखवा."